“पाच मिनिटांत उठून जातो हो हा!”

मे महिन्याची सुट्टी लागली की आणि दिवाळीच्या आसपास माझ्याकडे मुलांबद्दल सल्ला घ्यायला येणारे पालक एकच तक्रार जवळजवळ त्याच शब्दांत सांगतात. “मॅडम, मोबाइल कमी व्हावा म्हणून घरच्या घरी खेळणी बनवायला घेतली. खोकी, काड्या, बाटल्यांची झाकणं, सगळं जमवलं. व्हिडिओ बघितले. पण हा पाच मिनिटांत उठून जातो. लक्षच लागत नाही कशात. काही तपासण्या करायच्या का?”

या सगळ्यांना मी जे सांगते, ते एका घराच्या निमित्ताने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलाला आपण ओम म्हणू. वय सात, दुसरीत. आई नीटनेटकी, मनापासून धडपडणारी. पहिल्याच भेटीला तिने एक मोठी पिशवी आणली होती. खोक्यांचा रोबो, आइसक्रीमच्या काड्यांचं घर आणि काडेपेटीच्या काड्यांचे त्रिकोण-चौकोन, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे लावून जोडलेले. घराच्या खिडक्यांना कापडाचे पडदेसुद्धा होते.

मी ओमला विचारलं, “यातलं तुझं कोणतं?”

त्याने एकेक वस्तू पाहिली. “हे आईचं आहे.”

“असं काय रे? आपण दोघांनी मिळून केलं ना?”

“मी फेविकॉलची बाटली धरली होती.”

तो रागाने बोलला नव्हता. खरं होतं ते त्याने सांगितलं. पुढच्या सगळ्या भेटींमध्ये मी हे वाक्य हाताशी ठेवलं.

नंतर आईशी एकटीशी बोलले. “मी करते कारण बिघडलं की तो रडतो,” ती म्हणाली.

“रडला तर काय होतं?”

बराच वेळ ती गप्प होती. “बघवत नाही मला. आणि खरं सांगू? ऑफिसातून येऊन वेळ काढायचा, तर शेवटी हातात काहीतरी दिसावंसं वाटतं. वर्गाच्या ग्रुपवर बाकीच्यांचे फोटो येतात, मॅडम.”

मला तिचा हा प्रामाणिकपणा फार आवडला. शाळेचे प्रकल्प आईबाबांनी रात्री जागून पूर्ण करायचे, हे आता घरोघरी चालतं. तीच सवय खेळण्यांपर्यंत पोचली, तर एकट्या आईला दोष देता येत नाही.

काड्यांच्या त्या जोडणीबद्दल तिला अभिमान होता. “त्रिकोण का हलत नाही आणि चौकोन का डगमगतो, तेही समजावलं मी त्याला.” काड्यांचा आणि व्हॉल्व्ह ट्यूबचा हा खेळ आपल्याकडे अरविंद गुप्ता यांनी लोकप्रिय केला. पुण्यात टाटांच्या टेल्को कंपनीत अभियंता असताना १९७८मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि खेड्यातल्या बाजारात मिळणाऱ्या स्वस्त वस्तूंतून विज्ञान शिकवू लागले. या खेळातली मजा अशी, की चौकोन मुलाच्या हातात लचकतो आणि त्याला चीड येते. मग तोच एक काडी तिरकी बसवतो. ओमला उत्तर आधी मिळालं होतं. चौकोन त्याच्या हातात लचकलाच नव्हता.

माझा कल ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांच्या विचारांकडे आहे, हे मी लपवत नाही. मुलाला एकटं खेळता यायला हवं, पण ही ताकद त्याच्यात येते ती भरवशाचं माणूस जवळ असताना. ते माणूस तिथे असतं, मधे पडत नाही. आमच्या आज्या गव्हातले खडे वेचत बसायच्या आणि पायाशी मुलं चिंचोके मांडायची, तेव्हा नेमकं हेच घडत होतं.

म्हणून एका भेटीत मी दोघांना दोन कामं दिली. आईला एक बाहुली दिली, तिचा हात खांद्यापाशी उसवला होता. “एवढा शिवून द्या.” ओमला माझ्याकडची जुनी रिळाची गाडी एकदा चालवून दाखवली आणि कपाटात ठेवली. त्याच्यासमोर रिकामं रीळ, रबरबँड, काडेपेटीच्या काड्या, मेणबत्तीची भोक पाडलेली चकती आणि चिकटपट्टी ठेवली. कसं करायचं ते सांगितलं नाही.

ज्यांनी ही गाडी केलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. रबर रिळाच्या भोकातून ओवायचं. एका टोकाला आखूड काडी अडकवून ती रिळाला चिकटवायची. दुसऱ्या टोकाला आधी मेणाची चकती, मग लांब काडी. लांब काडी गोल गोल फिरवून रबराला पीळ द्यायचा आणि गाडी खाली ठेवायची. लांब काडी जमिनीला टेकते, तिला फिरता येत नाही, म्हणून पीळ सुटताना रीळ फिरतं. मेण घर्षण कमी करतं, त्यामुळे काडी आणि रीळ एकमेकांना अडकून बसत नाहीत.

ओमने रबर ओवलं, दोन्हीकडे काड्या घातल्या, पीळ दिला. आखूड काडी चिकटवलेली नव्हती. ती भर्रकन फिरली आणि गाडी जागची हलली नाही.

आईची सुई थांबली. “ओम, ती छोटी काडी...”

मी तिच्याकडे पाहिलं. तिने पुढचे शब्द गिळले.

पुन्हा तेच झालं. त्याने रीळ टाकून दिलं. “होतच नाही ही!”

“हो, अजून चालत नाही,” मी म्हटलं आणि गप्प बसले.

तो उठला आणि खिडकीशी गेला. आईने माझ्याकडे पाहिलं. बघा, हेच होतं घरी, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मी हातानेच तिला शिवत राहा म्हटलं. ओम गजांना धरून खालच्या रिक्षा बघत होता. मग पायाने भिंतीवर ठोकू लागला. आणि कुणीही न बोलावता परत आला, रीळ उचललं, काडी हळूच फिरवून पाहिली. स्वतःशीच पुटपुटला, “ही पण फिरते. ही फिरायला नको.”

“आई, चिकटपट्टी काप ना.”

तिने पट्टी कापून दिली. तेवढंच. पट्टी वाकडी बसली, पण बसली. फरशीवर गाडी जागीच घसरत राहिली. त्याने ती सतरंजीवर नेली आणि ती सरपटत निघाली. त्याने लगेच तिच्या वाटेत आपली चप्पल आडवी टाकली. “चढते का बघू.”

मग आईकडे वळून तो ओरडला, “आई, बघ! तू काहीच नाही केलंस!”

ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

या भेटीतला सर्वांत मोलाचा क्षण मला गाडी चालली तो वाटत नाही. खिडकीशी घालवलेला वेळ मला जास्त मोलाचा वाटतो. तिथे तो विचार करत होता आणि राग निवळायची वाट बघत होता. घरी नेमक्या याच वेळी आई रीळ हातात घ्यायची, दुरुस्त करायची आणि “ये बघ, झालं” म्हणायची. परत येण्यासारखं मग उरतच काय? इतक्या वर्षांच्या कामात माझी खात्री पटली आहे, की ज्याला आपण लक्ष न लागणं म्हणतो, ते पुष्कळदा आपणच मधे तोडलेलं लक्ष असतं.

तेव्हा घरी बसताना तुमचंही काही काम जवळ घ्या. मेथी निवडा, गवार मोडा, बटण शिवा. मोबाइल मात्र नको, कारण तुम्ही तिथे नाही हे मुलाला लगेच कळतं. त्याने पट्टी कापून मागितली तर पट्टीच कापून द्या. का आणि कसं हे त्याने विचारल्यावर सांगा, आणि फोटो काढायचा तर आधी त्याला विचारा.

सामान विकत आणू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा परिसरात मिळणाऱ्या वस्तूंतूनच साधनं केली. घरात एक खोकं ठेवा. त्यात रिळं, झाकणं, चिंध्या, दोरे, नारळाच्या करवंट्या, जुनी बटणं जाऊ द्या. बटणाच्या दोन भोकांतून दोरा ओवून केलेली भिरभिरी आणि दोन काडेपेट्यांचा फोन यांपासून सुरुवात करा. फोनचा दोरा ढिला असला की आवाज पोचत नाही, हे मुलांना स्वतःला शोधू द्या. दिवाळीत तयार किल्ला आणण्याऐवजी माती, विटा आणि गोणपाट द्या. बुरूज ढासळला तर ढासळू द्या. तीन वर्षांखालच्या मुलांना मात्र बटणं, मणी आणि काड्या देऊ नका, त्यांना डबे आणि झाकणंच पुरतात. चपटे बटण-सेल आणि छोटी लोहचुंबकं कुठल्याच लहान मुलाच्या हाती लागू देऊ नका.

आणि तपासणीचं म्हणाल, तर स्वतः निवडलेल्या खेळातही मूल टिकत नसेल, घरी आणि शाळेतही कित्येक महिने तीच तक्रार असेल, बोलणं उशिरा आलं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा. त्यात कमीपणा काही नाही, आणि रिळाची गाडी त्यावरचा उपाय नाही.

ओमचा मोबाइल पूर्ण सुटलेला नाही. संध्याकाळचा बराच कमी झाला आहे. मध्यंतरी त्याच्या आईचा फोन आला होता, तो चिकटपट्टीचं अख्खं रीळ संपवतो म्हणून. मी तिला कागदी टेप आणायला सांगितली. ती हातानेच फाटते, त्यामुळे पट्टी कापायला त्याला आईला हाक मारावी लागत नाही.