किल्ली घेण्यापूर्वीच भाडेकरार सोडायचा असेल तर

प्रश्न : पुण्यात नोकरी मिळाल्यामुळे मी खराडी येथे एक सदनिका ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर घेतली. भाडे दरमहा २५,००० रुपये असून ७५,००० रुपये अनामत मी भरली आहे. करार ऑनलाइन नोंदवलेला आहे आणि त्यात सहा महिन्यांचा लॉक-इन आहे, म्हणजे तेवढ्या काळात करार मध्येच सोडता येणार नाही अशी अट आहे. मुदत येत्या १ तारखेपासून सुरू होते. किल्ली मी अद्याप घेतलेली नाही. दरम्यान कंपनीने माझी नेमणूक हैदराबादला केली. घरमालक म्हणतात की अनामत तर जप्त होईलच, शिवाय सहा महिन्यांच्या भाड्यातली उरलेली रक्कमही मला भरावी लागेल. हे खरे आहे का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : मालकांशी आपले बोलणे फोनवरच झाले असेल, तर आपण येणार नाही हे आजच त्यांना ई-मेलने आणि रजिस्टर्ड पोस्टाने लेखी कळवावे. त्यात कारण, तारीख आणि ‘सदनिका दुसऱ्या कोणासही देण्यास माझी हरकत नाही’ हे वाक्य स्पष्ट असावे. हे वाक्य का महत्त्वाचे, ते पुढे लक्षात येईल.

‘राहायलाच गेलो नाही, म्हणजे करार लागू नाही’ असा समज पुष्कळांचा असतो आणि तो चुकीचा आहे. सही आणि अंगठा झाला की दोन्ही पक्ष बांधले जातात. अशा करारातून अमुक दिवसांत विनाअट माघार घेण्याची मुभा आपल्या कायद्यात नाही. आपण मागे फिरत आहात, हा करारभंग आहे आणि त्याची काही किंमत द्यावी लागेल. ती किती, एवढाच खरा प्रश्न आहे.

भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम ७४ नुसार, करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी समोरच्या पक्षाला मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते, आपोआप मिळणारी रक्कम नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या १९६३ च्या निकालात हे सांगितले आणि कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालात पुन्हा स्पष्ट केले की, जेथे नुकसान सिद्ध करता येण्यासारखे असते तेथे ते सिद्ध करावेच लागते. घर किती दिवस रिकामे राहिले, हे तर दिवस मोजून सांगता येते. त्यातच कलम ७३ चे स्पष्टीकरण असे की, नुकसान टाळण्याचे जे उपाय हाताशी होते तेही विचारात घेतले जातात. लिव्ह अँड लायसन्समध्ये सदनिकेचा कायदेशीर ताबा मालकांकडेच राहतो आणि आपल्याला मिळते ती केवळ वापराची परवानगी. आपण तर किल्लीही घेतलेली नाही. उद्या दुसरा भाडेकरू ठेवण्यास त्यांना कोणतीच आडकाठी नाही, आणि म्हणूनच वरचे वाक्य लेखी हवे. महिन्याभरात घर पुन्हा भाड्याने गेले, तर सहा महिन्यांचे दीड लाख रुपये मागण्याला आधार उरत नाही.

तरीही लॉक-इनचे कलम निरर्थक आहे असे मी म्हणणार नाही. त्याचा नेमका मजकूर वाचा : ‘सहा महिने करार रद्द करता येणार नाही’ एवढेच लिहिले आहे, की ‘रद्द केल्यास उर्वरित भाडे देय राहील’ असेही आहे? दुसरी भाषा असेल, तर मालकांची बाजू बरीच भक्कम होते, आणि वाद न्यायालयात गेल्यास निकालाची खात्री कोणताही वकील देऊ शकणार नाही. मालकांनी आपल्यासाठी इतर इच्छुकांना नकार दिला असेल, तर त्यांचा रागही समजण्यासारखा आहे.

म्हणून माझा सल्ला तडजोडीचा आहे. एक महिन्याचे भाडे अनामतीतून कापून घ्यावे व ५०,००० रुपये परत करावेत, असा प्रस्ताव त्याच पत्रात मांडावा. सदनिका १ तारखेपूर्वीच दुसऱ्याला गेली, तर कपात कमी व्हावी अशी विनंतीही करावी. बदली भाडेकरू आपण स्वतः शोधून दिलात, तर बोलणी फार सोपी होतात. माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या खराडीत तो मिळणे अवघड नसावे, आपल्याच कंपनीतल्या सहकाऱ्यांपासून सुरुवात करा. मुद्रांक शुल्काची चिंता नको. ०.२५ टक्के दराने आपल्या करारावर ते सातशे रुपयांच्या आसपास होते, नोंदणी फी हजार रुपये. हा खर्च गेला असे समजावे. एजंटची दलाली परत मिळणेही सहसा कठीण असते.

मालकांनी प्रस्ताव नाकारला, तर वकिलामार्फत नोटीस पाठवता येते आणि अनामतीसाठी तीन वर्षांच्या मुदतीत दावा लावता येतो. मात्र अशा दाव्याला लागणारा वेळ व खर्च पाहता पाच-दहा हजार रुपयांच्या फरकासाठी तेथवर जाऊ नये.

तडजोड झाली की ती तोंडी ठेवू नका. मूळ करार नोंदवलेला असल्याने तो रद्द केल्याचा दस्तही दोघांच्या सह्यांनी करून नोंदवून घ्यावा, त्यात ‘कोणाचे कोणाकडे काही येणे नाही’ हे लिहावे आणि सही अनामतीची रक्कम खात्यात जमा झाल्यावर करावी. मालकांनी भाडेकरूची माहिती पोलिसांकडे आधीच दिली असेल, तर आपण तेथे राहायला आलाच नाहीत हे त्यांनी पोलीस ठाण्याला कळवावे व त्या पत्राची प्रत आपल्याला द्यावी.