‘युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे : अमेरिकेतल्या या पंथावरच्या लेखाचं भाषांतर करताना ‘एकेश्वरवादी विश्ववादी’ चालेल का?

‘विश्ववादी’ तर नकोच. युनिव्हर्सलिस्टांचा विश्वाशी संबंध नाही. कोणीही कायमचा नरकात खितपत पडणार नाही, शेवटी सगळ्यांचा उद्धार होणार, हे त्यांचं मूळ म्हणणं. म्हणून ‘सर्वोद्धारवादी’. युनिटेरियनांनी त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही ख्रिस्ती कल्पना, नाकारलं. पण ‘एकेश्वरवादी’ म्हणावं तर त्रैक्य मानणारा वसईचा कॅथलिकही स्वतःला तेच म्हणवेल. तरी जुन्या संदर्भात ‘एकेश्वरी’ खपून जातं. प्रार्थना समाजाचे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली युनिटेरियनांच्या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले, त्या काळाबद्दल लिहिताना तो शब्द अगदी घरचा वाटतो.

दोघांतला फरक सांगणारी एक कोटी अमेरिकन धर्मोपदेशक थॉमस स्टार किंग यांच्या नावावर आहे. युनिव्हर्सलिस्ट म्हणतात, देव इतका चांगला की तो आपल्याला नरकात धाडणार नाही. युनिटेरियन म्हणतात, आपणच इतके चांगले की धाडायची सोय नाही!

खरी गोची १९६१ नंतरची. त्या वर्षी दोन्ही पंथ एक झाले. जोडणीच्या मसुद्यात ‘आपला ज्यू-ख्रिस्ती वारसा’ म्हणायचं की नाही यावर कडाक्याचा वाद झाला. अखेर ‘आपला’ काढून तिथे नुसतं ‘the’ हे इंग्रजी उपपद बसवलं. मराठीत उपपदच नाही, त्यामुळे भाषांतरात ही तडजोड दिसतच नाही. ‘देवावर प्रेम’ मात्र तेव्हा मसुद्यात राहिलं. जोडलेल्या संस्थेच्या १९८५च्या सात तत्त्वांत ‘देव’ हा शब्दच नाही. तो उरला प्रेरणास्थानांच्या यादीत. २०२४मध्ये ती सात तत्त्वंही गेली आणि मध्यभागी नुसतं ‘प्रेम’ आलं. देव मागे पडल्याचं सगळं खापर विलीनीकरणावर फोडू नये; देवापेक्षा माणसाला मध्यभागी ठेवणारं मानवतावादी वारं युनिटेरियनांत आधीपासूनच होतं. आज या मंडळींत नास्तिकही आहेत, बौद्ध वळणाचेही. त्यांना ‘एकेश्वरवादी’ म्हणणं म्हणजे कुलकर्णी आडनावाच्या इंजिनियरकडे गावचं दप्तर मागणं.

तेव्हा १९६१पूर्वीच्या मजकुरात ‘त्रैक्य न मानणारे’ आणि ‘सर्वोद्धारवादी’ लिहा. आजच्या संस्थेचं नाव देवनागरीत आहे तसंच ठेवा, आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘दोन उदारमतवादी ख्रिस्ती पंथांतून निघालेला’ एवढं जोडा.