कुडाळहून पुण्याला उबवणीची गावठी अंडी पार्सलने पाठवली तर पिल्लं निघतील का?

निघतात, पण सगळ्या अंड्यांतून निघतील ही आशा नको. अर्ध्यातून निघाली तरी मी खूश असतो.

अंडी चार-पाच दिवसांच्या आतलीच घ्या. धुऊ नका, वरचा नैसर्गिक थर गेला की जंतू आत शिरतात. फ्रीजमध्येही नको, माठाजवळच्या गारव्यात ठेवा. प्रत्येक अंडं बबल रॅपमध्ये गुंडाळून टोकदार बाजू खाली करून उभं ठेवा. मधल्या फटींत भाताचं तूस भरा, पण ते कडकडीत वाळलेलं हवं. आमच्याकडच्या पावसात दमट तुसाला दोन दिवसांत बुरशी येते. खोका बंद करून हलवून बघा, आत खुडखुडलं तर अजून भरा. मे महिन्यात पाठवूच नका.

खरी गोम पुढे आहे. घाटात धक्के खाऊन रुंद टोकाकडची हवेची पोकळी सुटते. टॉर्च लावलात तर तिची कड अंडं कलतं करताच डुचमळताना दिसेल. म्हणून पोचल्यावर लगेच रवणीला, म्हणजे उबवायला, बसवू नका. टोकदार बाजू खाली ठेवून चोवीस तास राहू द्या. उबवणीचं मशीन असेल तर ३७.५ अंशांवर लावा आणि पहिले दोन-तीन दिवस फिरवू नका. खुडूक कोंबडी मिळाली तर उत्तमच, फक्त ती अंडी आपल्या मर्जीने फिरवणार!