‘आणि मग’ला पर्यायी शब्द कोणता?

प्रश्न असा आहे: सातवीतल्या मुलीच्या निबंधात जवळजवळ प्रत्येक वाक्य ‘आणि’, ‘मग’ किंवा ‘त्यानंतर’ने सुरू होतं. वाचताना धक्के बसतात. लेखन ओघवतं व्हावं म्हणून ‘मग’ला पर्यायी असे दहा-पंधरा जोडशब्द सुचवाल का?

आधी शब्दाविषयी. ‘जोडशब्द’ म्हटलं की शाळेतल्या मुलांना दगडधोंडे, बाजारहाट, साधाभोळा हे शब्द आठवतात, कारण त्यांनी तो शब्द त्याच अर्थाने शिकलेला असतो. दोन शब्द किंवा दोन वाक्यं जोडणाऱ्या आणि, पण, किंवा, म्हणून यांना व्याकरणात उभयान्वयी अव्यय म्हणतात. नाव अवजड आहे खरं, पण त्यात ‘अन्वय’ आहे, म्हणजे संबंध. दोन वाक्यांमध्ये काय संबंध आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक असेल तर अव्यय सुचतं, आणि पुष्कळदा त्याची गरजही उरत नाही. संबंध ठाऊक नसेल तर ‘मग’च्या जागी ‘तदनंतर’ आलं तरी धक्का तोच, फक्त अधिक जड आवाजाचा. म्हणून यादी देत नाही. तुमच्या मुलीला ‘तथापि’ आणि ‘परिणामी’ पाठ झाले तर निबंध सरकारी पत्रासारखा वाचला जाईल, एवढंच होईल.

माझ्या भाचीच्या वहीतला हा परिच्छेद पाहा: “आमच्या घरी एक मांजर आहे. तिचे नाव मनी आहे. तिचा रंग पांढरा आहे. ती खूप खोडकर आहे. ती मला खूप आवडते.” यात ‘मग’ एकदाही नाही, ‘आणि’ही नाही, तरी वाचताना धक्के बसतातच. मोठ्याने वाचलं की कळतं का ते: आहे, आहे, आहे, आहे. मराठीत क्रियापद सहसा वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे तोचतोपणा आधी तिथे साचतो. भूतकाळ असला की तिथे होतं, होता, होती यांची रांग लागते. इंग्रजी लेखनाच्या शिकवणीतून ‘वाक्याची सुरुवात बदलत राहा’ हा सल्ला आपल्याकडे आला आहे. तो चुकीचा नाही, पण मराठीत तेवढ्याने निम्मंच काम होतं. सुरुवाती बदलून शेवट तसेच ठेवले तर कान फसत नाही.

‘आहे’चं ओझं कमी करणं तसं सोपं. “तिचं नाव मनी” हे मराठीत पूर्ण वाक्य आहे, क्रियापदावाचून. “रंग पांढरा” हे तर वाक्य व्हायचीही गरज नाही, तो मांजरीच्या आधी विशेषण होऊन बसतो: “आमच्या घरच्या पांढऱ्या मांजरीचं नाव मनी.” तीन वाक्यांतली माहिती एका श्वासात आली.

खरी श्रीमंती आहे ती क्रियापदाच्या रूपांत. तिथे थोडं रेंगाळू या.

“दार उघडलं. मग मनी पळाली.” हीच दोन वाक्यं घ्या. दार उघडताच मनी पळाली: ती टपूनच बसली होती. दार उघडल्यावर मनी पळाली: नुसता क्रम, घाई नाही. दार उघडताना मनी पळाली: उघडणारा अजून दारातच उभा आहे. दार उघडेपर्यंत मनी पळाली होती: उघडणाऱ्याला उशीर झाला. दार उघडलं म्हणून मनी पळाली: इथे कुणाला तरी बोलणी बसणार. ‘मग’ या सगळ्यांवर पांघरूण घालतो. मुलीला विचारावं, “नेमकं काय झालं होतं?” ती तोंडाने सांगेल तेव्हा यातलं एक रूप आपसूक बोलून जाईल. बोलताना ही सगळी रूपं मुलं सहज वापरतात. लिहायला बसलं की प्रत्येक घटनेला वेगळं वाक्य आणि प्रत्येक वाक्याला पूर्णविराम द्यायची सवय त्यांना कुठून लागते, याचा मला नेहमी विचार पडतो. ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’चा त्यात हात असावा.

या सगळ्यांत जुना आणि कामसू प्रत्यय म्हणजे ‘-ऊन’. संस्कृतात ‘गत्वा’, ‘कृत्वा’ जे करतात ते मराठीत ‘जाऊन’, ‘करून’ करतात. शके १२१२ मधल्या ज्ञानेश्वरीच्या शेवटी, पसायदानात, जे ‘तोषोनि’ आहे ते याच घराण्यातलं रूप. मोडी लिहिताना शब्द सुटे काढायचीही रीत नव्हती, आणि आजची विरामचिन्हं मराठीत रुळली ती एकोणिसाव्या शतकात, मेजर थॉमस कँडी यांच्यासारख्यांच्या खटपटीने. त्याआधी लांब मजकूर तोलून धरायला स्वल्पविराम नव्हता. वाक्याचे सांधे क्रियापदातच होते: येऊन, बसून, पाहता, म्हणताच. ते सांधे आजही जसेच्या तसे शाबूत आहेत.

‘-ऊन’ वापरताना एक खबरदारी मात्र घ्यायला हवी. “शाळेतून घरी येऊन आईने मला खाऊ दिला.” घरी कोण आलं? मुलीच्या मनात ‘मी’ आहे, वाक्य मात्र आईला शाळेतून आणतं. ‘-ऊन’ची क्रिया आणि पुढची क्रिया साधारणपणे एकाच कर्त्याची असावी लागते. इथे “शाळेतून घरी आल्यावर आईने मला खाऊ दिला” किंवा “मी घरी आले तेव्हा” असं हवं. “पाऊस पडून चिखल झाला” यात कर्ते दोन असूनही खटकत नाही, कारण तिथे ‘-ऊन’ कारण सांगतो. आणि एका वाक्यात ‘-ऊन’ दोनदा ठीक, तीनदा जेमतेम. “उठून, दात घासून, आंघोळ करून, जेवून, दप्तर भरून” ही ‘मग’चीच माळ झाली, फक्त पूर्णविराम गेले.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण ती यादीत कधीच येत नाही. मराठीतले जोडणारे शब्द वाक्याच्या तोंडाशीच यायला हवेत असं नाही. “पण भावाला हे पटलं नाही” आणि “भावाला मात्र हे पटलं नाही” ही दोन्ही वाक्यं मागच्या वाक्याला जोडलेली आहेत. दुसऱ्यात जोड आत शिरली आहे आणि पहिल्या जागेवर भाऊ आला आहे, ज्याच्याविषयी सांगायचं आहे तो. ‘तर’, ‘ही’, ‘देखील’ हेही असेच आतून काम करतात. “शिवाय, आजी आली” असं लिहून पुढे स्वल्पविराम ठोकण्यापेक्षा “आजीही आली” किती हलकं आहे! लहान मुलांना हे लगेच जमतं, दाखवलं मात्र पाहिजे.

‘मी’ गाळण्याबद्दलही दोन शब्द. “मी उठलो. मी खिडकीत गेलो.” यात दुसरा ‘मी’ नको, ‘गेलो’मध्ये तो आहेच. पण “पुस्तक वाचलं” यात क्रियापद पुस्तकाप्रमाणे चालतं, वाचणाऱ्याप्रमाणे नाही. तिथे ‘मी’ गाळायचा तर मागच्या वाक्यातून तो स्पष्ट दिसायला हवा.

घरी करून पाहायला एकच सुचवतो. निबंध लिहून झाला की मुलीने प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द मोठ्याने वाचावा, वरून खाली. बाकी काही समजावून सांगू नका. चार ‘होते’ लागोपाठ आले की ती स्वतःच थांबेल. मग त्या चारांतलं एकच वाक्य घेऊन तिला विचारा, आधी काय झालं आणि कशामुळे. सगळी वाक्यं लांब करायला लावू नका. दोन लांब वाक्यांनंतर आलेलं तीन शब्दांचं वाक्य फार उठून दिसतं.

भाचीने ‘ती खूप खोडकर आहे’ हे वाक्य खोडून त्याजागी काय लिहिलं ते सांगतो. मी फक्त “खोडकर म्हणजे काय करते?” एवढंच विचारलं होतं. तिने लिहिलं: “पाऊस आला, की मनी खिडकीतून पंजा बाहेर काढून थेंब पकडते. एकही सापडत नाही. मग चिडते.”

त्यातला ‘मग’ मी राहू दिला.