परवाना एकाचा, काम दुसऱ्याचे : घरमालकाचे पैसे परत मिळतात का?

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँट येथे राहतो. साताऱ्याहून आई-बाबा दरवर्षी सहा महिने येतात, म्हणून परसात त्यांच्यासाठी खोली, न्हाणीघर आणि लहानसे स्वयंपाकघर असे स्वतंत्र घर बांधायला घेतले. ठेकेदार ओळखीतून मिळाला होता. काम १,३४,००० डॉलरला ठरले. २०,००० डॉलर त्याने कामाला हात लावण्याआधीच घेतले आणि आजवर आम्ही ९६,००० डॉलर दिले आहेत. गेल्या ९ ऑक्टोबरनंतर त्याची माणसे फिरकलेली नाहीत. न्हाणीघरातल्या फरशीचा उतार जाळीऐवजी दाराकडे आहे, त्यामुळे बादलीभर पाणी ओतले तरी ते खोलीत येते. परवा करारपत्रावरचा परवाना क्रमांक राज्याच्या संकेतस्थळावर तपासला, तर तो भलत्याच माणसाच्या नावावर निघाला आणि कामगारांचा विमा नसल्यामुळे काम चालू असतानाच निलंबित झालेला दिसला. ठेकेदार म्हणतो, उरलेले ३८,००० द्या, नाहीतर घरावर बोजा चढवतो. आम्हाला पैसे परत मागता येतील का? जे काम नीट झाले त्याचेही पैसे मागणे बरोबर आहे का?

उत्तर : तुमच्या पत्रातल्या ९ ऑक्टोबर या तारखेपासूनच सुरुवात करतो, कारण बाकी सगळे तिच्यावर अवलंबून आहे. विनापरवाना ठेकेदाराला दिलेले पैसे परत मागण्याचा दावा, त्याचे काम पूर्ण झाल्यापासून किंवा थांबल्यापासून एका वर्षाच्या आत न्यायालयात दाखल व्हावा लागतो, असे कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. परवान्यातली गफलत तुम्हाला परवा कळली असली तरी मुदत परवापासून धरली जात नाही. राज्याच्या ठेकेदार परवाना मंडळाकडे तक्रार करायला चार वर्षे मिळतात, आणि तेवढ्यावर विसंबून अनेक घरमालक निर्धास्त राहतात. पण मंडळाकडची तक्रार म्हणजे दावा नव्हे आणि तिच्यामुळे दाव्याची मुदत थांबत नाही. म्हणून यंदाच्या ९ ऑक्टोबरच्या पुष्कळ आधी वकिलाकडे जा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता हक्काविषयी. ज्या कामाला नगरपालिकेची परवानगी लागते, किंवा ज्याची मजुरी आणि साहित्य मिळून किंमत १,००० डॉलर किंवा अधिक होते, ते काम परवान्याशिवाय घेता येत नाही. (२०२४ अखेरपर्यंत ही मर्यादा ५०० डॉलर होती.) व्यवसाय संहितेच्या कलम ७०३१ प्रमाणे परवाना नसलेल्या ठेकेदाराला मोबदल्यासाठी दावाच लावता येत नाही. २००२ पासून त्याच कलमाने घरमालकाला आणखी एक अधिकार दिला, तो म्हणजे दिलेली सगळी रक्कम परत मागण्याचा. काम चांगले झाले की वाईट, हा प्रश्न इथे येत नाही. उतार जाळीकडे असता तरी हा अधिकार तुम्हाला होताच. साहित्याला एवढे लागले, मजुरांना तेवढे दिले, अशी वजावट ठेकेदाराला मिळत नाही, असे २००९ च्या एका निकालात म्हटले आहे. परवाना नसल्याचे घरमालकाला आधीपासून ठाऊक होते, एवढ्यावरून त्याचा हक्क जात नाही, असे २०१० च्या निकालात आले. कामाच्या सुरुवातीला परवाना नव्हता आणि मध्येच मिळवला, म्हणून नंतरच्या कामाचे तरी पैसे द्या, ही सबब राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच नाकारली आहे.

तुमच्या प्रकरणात गुंता आहे तो नावांचा. परवाना ज्याला दिला त्यालाच तो लागू होतो. एखाद्याच्या वैयक्तिक नावावर परवाना असेल आणि करार मात्र त्याच्या कंपनीने केला असेल, तर ती कंपनी विनापरवानाच ठरते, असा २००७ चा निकाल आहे. मग परक्याचा क्रमांक छापून केलेल्या कराराची काय कथा! म्हणून आज संध्याकाळी एवढे करा : करारपत्राच्या माथ्यावरचे नाव, तुमचे चेक ज्याच्या खात्यात वटले ते नाव आणि मंडळाच्या नोंदीतले नाव, ही तिन्ही एका कागदावर तारखांसह एकाखाली एक लिहा. मंडळाकडून त्या परवान्याच्या पूर्ण इतिहासाचा प्रमाणित दाखलाही मागवा. सातबारा पाहिल्याशिवाय आपण गुंठाभर जमीन घेत नाही, पण ठेकेदार नेमताना ओळखीवर भागवतो, कारण गावाकडे मिस्त्रीला परवाना विचारायची सवयच नसते. त्यासाठी स्वतःला दोष देत बसू नका. परवाना योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने ठेकेदारावरच टाकली आहे. त्याला एकच पळवाट आहे : आपण आधी रीतसर परवानाधारक होतो, तो चालू ठेवण्यासाठी प्रामाणिकपणे झटलो आणि खंड पडल्याचे कळताच तो लगेच भरून काढला, हे त्याने दाखवून द्यायचे. ज्याच्याकडे स्वतःचा परवाना कधी नव्हताच, त्याला ती वाट बंद आहे.

बोज्याच्या धमकीला घाबरून ३८,००० डॉलर देऊ नका. त्याला दावाच लावता येत नसल्यामुळे असा बोजा वसूलही करता येणार नाही. शिवाय बोजा नोंदवल्यावर ९० दिवसांत दावा लावला नाही, तर तो टिकत नाही. मात्र ज्यांचे पैसे त्याने थकवले असतील अशा परवानाधारक पोटठेकेदारांचा आणि लाकूड-सिमेंट पुरवणाऱ्यांचा हक्क वेगळा असतो. सुरुवातीच्या काळात त्यांच्यापैकी कोणाची टपालाने आलेली प्राथमिक नोटीस (आपण या कामाला माल किंवा मजुरी पुरवत आहोत, असे घरमालकाला कळवणारी) घरात पडून असेल, तर ती शोधून वकिलाला दाखवा.

नीट झालेल्या कामाचे पैसे मागणे बरोबर आहे का, हा तुमचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. माझे मत असे की मागावेत. कायद्याने ही कठोरता जाणूनबुजून ठेवली आहे, कारण परवान्याबरोबर कामगारांचा विमा आणि बाँड, म्हणजे ठेकेदाराने नुकसान केल्यास भरपाईसाठी ठेवलेली हमी, येतो, आणि तो नसताना सगळा धोका घरमालकाच्या गळ्यात पडतो. छपरावरून त्याचा एखादा मजूर पडला असता, तर कामगार कायद्याप्रमाणे त्याचे मालक तुम्हीच ठरण्याची शक्यता होती. तडजोडीत काही रक्कम सोडायची असेल तर ती तुमची मर्जी, पण सोडण्याआधी आपला हक्क पुरता किती आहे हे माहीत असू द्या.

खरी अडचण वसुलीची आहे, आणि ती मी लपवणार नाही. विनापरवाना माणसाचा बाँड नसतो. ज्याचा क्रमांक वापरला गेला त्याचा २५,००० डॉलरचा बाँड असू शकतो, पण तो सगळ्या दावेदारांना मिळून असतो आणि तुमच्या कामाला लागू होईलच असे नाही. त्या माणसाने आपला परवाना वापरू दिला होता की क्रमांक त्याच्या नकळत चोरला गेला, हे आधी शोधावे लागेल. वापरू दिला असेल, तर त्यालाही प्रतिवादी करता येईल का, हे वकिलाला विचारा. निकालाआधीच ठेकेदाराची मालमत्ता जप्त ठेवण्याचा आदेश अशा दाव्यात मागता येतो, हे २००८ च्या निकालाने मान्य केले आहे. तो अर्ज लवकर करा. लघुवाद न्यायालयाची मर्यादा व्यक्तीसाठी १२,५०० डॉलर आहे, तेव्हा दावा वरिष्ठ न्यायालयातच जाईल. घरसुधारणेच्या करारात आगाऊ रक्कम एकूण किमतीच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर यांपैकी जी कमी असेल तेवढीच घेता येते, म्हणून २०,००० ची उचल हाही तक्रारीतला स्वतंत्र मुद्दा करा.

फरशी लगेच उखडू नका. तिच्यावर पाणसळ ठेवून फोटो काढा, पाणी ओतून ते दाराकडे वाहताना चित्रफीत घ्या आणि दुसऱ्या परवानाधारक ठेकेदाराकडून दुरुस्तीचा लेखी अंदाज मागवा. त्यानंतर आई-बाबांची खोली राहण्याजोगी करून घ्यायला हरकत नाही.

प्रश्न : आम्ही ॲरिझोनात फिनिक्सला असतो. बिघडलेल्या बांधकामासाठी इथे राज्याचा भरपाई निधी आहे असे ऐकले. आमच्या ठेकेदाराकडे परवाना नव्हता. त्यातून काही मिळेल का?

उत्तर : दुर्दैवाने नाही. ॲरिझोनाच्या निधीतून एका घरामागे जास्तीत जास्त ३०,००० डॉलर मिळतात, पण ठेकेदार परवानाधारक असेल तरच. परवानाधारकांच्याच पैशांतून तो निधी उभा राहतो. तरीही राज्याच्या ठेकेदार निबंधकाकडे तक्रार जरूर करा. तिथे परवान्याशिवाय ठेकेदारी करणे हा फौजदारी गुन्हा आहे, आणि खटला उभा राहिला तर न्यायालय घरमालकाला पैसे परत करण्याचा आदेश देऊ शकते. करारपत्र, चेकच्या प्रती आणि त्याने परवान्याविषयी काही म्हटलेले संदेश असतील तर तेही तक्रारीला जोडा.