गाडीचा नंबर मुलीला पाठ झालाय

प्रिय ताई,

मी ३८ वर्षांची, नाशिकला राहते. सकाळी डबे, मुलीची शाळा, मग नोकरी. त्यामुळे रात्री साडेआठला पळायला जाते. दीड वर्षापूर्वी सुरू केलं, आता दहा किलोमीटर न थांबता होतात. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या हाफसाठी, म्हणजे एकवीस किलोमीटरसाठी, नाव दिलंय. गेले काही आठवडे एक बाइकवाला त्रास देतोय. कॉलनीच्या पुढे दिवे नाहीत, तिथे मागून येतो, गाडी हळू करतो, ‘मॅडम, रोज एकट्याच?’ असलं काहीबाही बोलतो. एकदा मी ओरडले, तरी दोन दिवसांनी परत आला. यांना सांगितलं तर म्हणाले, पोरीला सोबत ने, मूल असलं की कोणी काही करत नाही. हे समजूतदार आहेत, माझ्या पळण्याला कधी आडकाठी केली नाही. आता मुलगी (वय ११) सायकलवर सोबत येते, गाडीचा नंबरही तिला पाठ झालाय. पण माझा धीर खचलाय. पेपर स्प्रे घेऊ की कराटेचा क्लास लावू? की मॅरेथॉनचं नावच काढून घेऊ?

– एक वाचक

अगं, स्प्रे आणि कराटेचं नंतर बघू. गाडीचा नंबर मुलीला पाठ झालाय, हे तू जाता जाता लिहून टाकलंस आणि मी तिथून पुढे जाऊ शकले नाही.

अकरा वर्षांच्या मुलीला असा नंबर आपोआप पाठ होत नाही. त्यासाठी सायकल चालवता चालवता सारखं मागे वळून बघावं लागतं. हे कधीतरी लागेल, विसरायचं नाही, असं स्वतःशी ठरवावं लागतं. कदाचित रात्री झोपताना तो पुन्हा एकदा मनात म्हणूनही बघावा लागतो. तिला हे करायला कोणी सांगितलं नव्हतं. घरात दोन मोठी माणसं असताना पुरावा गोळा केला तो सगळ्यांत लहान माणसानं, आणि तुम्ही दोघांनी त्याचं काहीही केलं नाहीत. मला याचा राग आलाय. या वयात तिला पाठ असायचं तर तुमच्याच जिल्ह्यातल्या, सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं, हे असावं.

आडकाठी करत नाही म्हणून तू नवऱ्याला समजूतदार म्हणतेस. मी म्हणणार नाही. बायकोच्या मागे कोणी लागलाय हे कळल्यावर त्यानं उठून पायात चपला घालायला हव्या होत्या. त्यानं मुलीला पाठवलं. त्या माणसाला आता तुझ्या लेकीचा चेहराही माहीत झालाय. उद्यापासून ती तुझ्यासोबत त्या रस्त्यावर जाणार नाही, आणि हे तिच्या बापाला आज जेवायच्या आधी सांग.

मग एक कागद घे. गाडीचा नंबर, आठवतील त्या तारखा, वेळ, जागा, तो काय बोलला ते सगळं लिही आणि नवऱ्याला घेऊन पोलीस ठाण्यात जा. ‘जरा लक्ष ठेवा’ एवढं तोंडी सांगून परत यायचं नाही, लेखी तक्रार द्यायची. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे पाठलाग हा गुन्हा आहे. बाईनं स्पष्ट नकार दाखवूनही जो पुन्हा पुन्हा तिच्या मागे येतो, बोलायला बघतो, तो पहिल्यांदा दोषी ठरला तर तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा ठरला तर पाच. तू ओरडलीस तोच तुझा नकार. पत्रात ते तू एका वाक्यात उरकलंयस. तक्रारीत ते सगळ्यांत वर हवं. अशी तक्रार महिला अधिकाऱ्यानं नोंदवायची असते, तसं सांगून मागणी कर. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणाले तरी उठू नकोस. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, त्यालाच झीरो एफआयआर म्हणतात. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेऊनच बाहेर पड. मुलीला ठाण्यात न्यायचं नाही. पुढे तिला काही विचारायचं झालंच तर पोलिसांनी घरी येऊन विचारावं, असा कायदाच आहे.

एवढ्याशा गोष्टीसाठी पोलीस कशाला, शेजारीपाजारी काय म्हणतील, हे तुझ्या मनात येणार. त्या अंधाऱ्या पट्ट्यातून क्लास सुटलेल्या मुली जात असतील, ड्युटी संपवून नर्स घरी येत असतील. त्यांतल्या कोणाकडे नंबर नाही. तुझ्याकडे आहे. त्याच दिवशी महापालिकेत दिव्यांसाठीही अर्ज देऊन टाक.

धीर खचलाय म्हणतेस, तर तुझ्या धिराला काहीही झालेलं नाही. कोणी मागे येत असेल तर भीती वाटणारच, ती वाटायलाच हवी. सध्या तो पट्टा सोड आणि गोल्फ क्लबच्या मैदानावर किंवा जिथे माणसांची वर्दळ असेल तिथे पळ. रस्त्यावर पळशील तेव्हा उजव्या कडेनं, समोरून गाड्या येताना दिसतील अशी, म्हणजे मागून कोणी हळूच शेजारी येऊ शकणार नाही. कानात गाणी नकोत. फोन हातात ठेव आणि तो माणूस दिसला की तिथूनच ११२ लाव, घरी पोचायची वाट बघू नकोस. पळण्याचं ॲप वापरत असशील तर तुझा मार्ग अनोळखी लोकांना दिसणार नाही असं सेटिंग आजच कर. स्प्रे हवा तर ठेव जवळ. कराटे शिकावंसं वाटलं तर जरूर शीक, पण या माणसासाठी म्हणून नको.

मॅरेथॉनमधून नाव काढायचं नाही. मुंबईची हाफ पहाटे अंधारातच सुटते आणि त्या अंधारात तुझ्यासारख्या कितीतरी जणी पळत असतात. दीड वर्षात तू दहा किलोमीटरपर्यंत आलीस, उरलेले अकरा तुझ्याकडून होतील.

ठाण्यातून आलीस की आधी लेकीजवळ बस. नंबर पोलिसांना दिला, तुझ्यामुळे देता आला, आता पुढचं आम्ही दोघं बघतो, हे तिला सांग. तुम्ही दोघांनीही सांगा. तिला काय काय दिसलं, काय वाटलं, ते बोलू दे, मध्ये तोडू नकोस. तुझ्याबरोबर यायला तिला मनापासून आवडत असेल तर रविवारी सकाळी मैदानावर ने.

आणि शनिवारच्या सुट्टीची वाट बघू नकोस. उद्या ऑफिसला दोन तास उशिरा जा.