चष्मा लावला नाही तर डोळे बिघडतात का?

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची आहे, सहावीत शिकते. जूनमध्ये फळा दिसेना म्हणून तपासले, तर दोन्ही डोळ्यांना मायनस १.७५ नंबर निघाला. सासूबाई म्हणतात, "आत्तापासून चष्मा लावलात तर डोळ्यांना सवय लागेल आणि नंबर वाढतच जाईल." शेजारच्या काकू उलट सांगतात, की चष्मा काढून ठेवला तर डोळे कायमचे खराब होतात. घरी असताना ती चष्मा काढून ठेवते. कोणाचे ऐकावे? — एक वाचक, सहकारनगर

दोघींच्या बोलण्यात थोडे थोडे चुकते आहे. कारण नंबर म्हणजे नेमके काय, ते आधी बघू. मोठ्या माणसाचा नेत्रगोल पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. मायनस नंबरच्या डोळ्यात ही लांबी भिंगाच्या ताकदीच्या मानाने जास्त झालेली असते, म्हणून लांबच्या वस्तूची प्रतिमा डोळ्याच्या आत मागे असलेल्या पडद्याच्या अलीकडेच तयार होते. एक मिलिमीटर लांबी वाढली, की अडीच ते तीन नंबर वाढतो. चष्म्याचे अंतर्वक्र भिंग ती प्रतिमा मागे पडद्यावर नेऊन ठेवते. डोळ्याची लांबी ते कमी करत नाही आणि वाढवतही नाही.

मग चष्मा लागल्यावर नंबर वाढताना का दिसतो? कारण पहिला चष्मा बहुधा ८ ते १२ या वयात लागतो आणि उंचीबरोबर डोळाही नेमका त्याच वयात वाढत असतो. चष्मा नसता तरी तो वाढलाच असता. 'सवय लागली' असे वाटते तेही समजण्यासारखे आहे. महिनाभर स्वच्छ बघितल्यावर चष्मा काढला, की पूर्वीचाच अंधुकपणा आता खटकू लागतो. नजर मात्र होती तेवढीच असते.

मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देऊन नंबर रोखता येईल का, हे तपासून झाले आहे. मलेशियात ९४ मुलांवर दोन वर्षे प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. पूर्ण नंबरचा चष्मा लावणाऱ्यांचा नंबर सरासरी ०.७७ ने वाढला, तर कमी नंबर दिलेल्यांचा १.०० ने. म्हणजे फायदा काहीच नाही, झाला तर थोडा तोटाच. चष्माच न लावणाऱ्या मुलांच्या चीनमधल्या एका पाहणीत मात्र याच्या उलट चित्र दिसले. म्हणून चष्मा न लावल्याने नंबर हमखास वाढतो, असेही आम्ही म्हणणार नाही. ठाम सांगता येते ते एवढेच, की नंबर रोखायचा म्हणून मुलीला अंधुक जगात ठेवू नका. ती फळ्यावरची गणिते चुकीची उतरवेल, बॅडमिंटनचे फूल तिला उशिरा दिसेल, आणि ती 'लक्ष देत नाही' असा शेरा प्रगतिपुस्तकात येईल.

शाळेत, रस्त्यावर, मैदानात आणि टीव्हीसमोर चष्मा हवाच. घरी पुस्तक वाचताना मायनस १.७५ च्या डोळ्याला चष्म्याशिवाय सुमारे ५७ सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट दिसते. त्यामुळे वाचनापुरता काढला तर डोळ्याला इजा होत नाही. अडचण वेगळीच असते. काढलेला चष्मा गादीवर पडतो, कोणीतरी त्यावर बसते आणि काडी वाकते. वाकलेल्या चष्म्यात तिरका, म्हणजे सिलिंडरचा नंबर असेल, तर त्याचा अक्ष फिरतो. अक्ष १० अंशांनी फिरला तरी त्या नंबरचा एक तृतीयांश परिणाम वाया जातो आणि ३० अंशांनी फिरला तर सगळाच जातो. मग डोके दुखते आणि दोष चष्म्याला लागतो. म्हणून चष्मा काढलाच तर डबीत ठेवायचा, हा नियम घरात पाळा.

आता तीन प्रसंग सांगतो, ज्यांत चष्मा न लावणे खरोखरच महागात पडते. यात सूट नाही. मूल साधारण ८ वर्षांच्या आतले असेल आणि नंबर मोठा असेल, तर मेंदूला स्पष्ट प्रतिमा मिळतच नाही आणि डोळा आळशी होतो. नंतर चष्मा लावूनही त्याची नजर पूर्ण येत नाही. दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक असेल तरी हाच धोका असतो, आणि तो कळतही नाही, कारण चांगल्या डोळ्यावर मुलाचे सगळे भागते. आणि लांब बघताना एक डोळा अधूनमधून बाहेर सरकत असेल, तर चष्मा नसताना तो आवरणे आणखी अवघड होते. तुमच्या मुलीचे दोन्ही नंबर सारखे आहेत, तरी एकेक डोळा हाताने झाकून भिंतीवरचे कॅलेंडर वाचून घ्या.

एक विचारायला विसरू नका : तपासणी डोळ्यांत थेंब घालून झाली होती का? मुलांच्या डोळ्यातला फोकस करणारा स्नायू पुष्कळदा आखडलेला असतो, त्यामुळे नुसत्या यंत्रावर खोटा किंवा जास्त मायनस नंबर येऊ शकतो. थेंबांनी तो स्नायू सैल करून काढलेला नंबर विश्वासाचा. सायक्लोपेंटोलेटचे थेंब घातले तर साधारण दिवसभर जवळचे अंधुक दिसते आणि उन्हात डोळे दिपतात, म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी हे नको. त्यानंतर दर सहा महिन्यांनी तपासणी करा.

नंबरासाठी खरे काही करायचे असेल, तर ते उजेडात आहे. चीनमध्ये ग्वांगझू इथे शाळेच्या वेळापत्रकात रोज ४० मिनिटे बाहेरच्या वेळेची भर घातली. तीन वर्षांनी त्या मुलांपैकी सुमारे ३० टक्क्यांना नवा नंबर लागला होता, बाकीच्या शाळांत तो सुमारे ४० टक्क्यांना. चष्मा आधीच लागलेल्या मुलांत हा फायदा इतका स्पष्ट दिसत नाही, पण धाकटे भावंड असेल तर त्याला आजपासून बाहेर काढा. घरातल्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स (लक्स हे उजेड मोजायचे माप) उजेड असतो आणि बाहेर झाडाच्या सावलीतही हजारोंनी. म्हणजे टळटळीत उन्हात उभे करायची गरज नाही, तळजाई टेकडीवर झाडाखाली खेळले तरी चालते. शाळा, तिथून क्लास, आणि दिवे लागल्यावर घरी, हा आपल्या पुण्यातल्या मुलांचा दिनक्रम मात्र डोळ्यांच्या मुळावर येणारा आहे. रोज दोन तास दिवसाउजेडी बाहेर, एवढे तरी त्यातून काढायला हवेत. वर्षाला अर्ध्याहून जास्त नंबर वाढत असेल, तर कमी ताकदीचे अॅट्रोपिनचे थेंब किंवा नंबर रोखणारी खास भिंगे यांविषयी डॉक्टरांशी बोला. ही औषधाच्या दुकानातून परस्पर आणायची गोष्ट नाही.

प्रश्न : वय २९, नंबर मायनस २.२५. दिवसभर संगणकासमोर असतो, तेव्हा चष्मा काढतो. स्कूटरवरही हेल्मेटमध्ये अडचण होते म्हणून लावत नाही. डोळे खराब होतील का? — एक वाचक, वारजे

डोळे खराब होणार नाहीत. या वयात चष्मा काढल्याने पडदा, भिंग, नस यांपैकी कशालाही अपाय होत नाही. तुम्हाला चष्म्याशिवाय ४४ सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट दिसते. संगणकाचा पडदा ६० सेंटिमीटरवर असेल, तर तुम्ही एकतर पुढे वाकता, मग मान धरते, किंवा डोळे बारीक करता. डोळे बारीक केल्यावर फटीतून थोडे स्पष्ट दिसते खरे, पण कपाळाचे आणि पापण्यांचे स्नायू दिवसभर आवळलेले राहतात आणि संध्याकाळी डोके धरते.

स्कूटरचे मात्र आम्हाला मनापासून सांगायचे आहे. मायनस २.२५ ला चष्म्याशिवाय नजर साधारण ६/६० च्या आसपास असते. निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसणारे अक्षर तुम्हाला ६ मीटरवर यावे लागते. ताशी ४० किलोमीटरने तुम्ही सेकंदाला ११ मीटर जाता. सिंहगड रस्त्यावरचा रंग उडालेला गतिरोधक दिसेपर्यंत तुम्ही त्यावर असाल. रात्री बाहुली मोठी होते आणि धूसरपणा आणखी वाढतो. हेल्मेट घालून झाल्यावर सरळ, पातळ काड्यांचा चष्मा कानशिलाच्या फटीतून सरकवता येतो. हेल्मेट घेताना चष्मा लावूनच घालून बघा.

प्रश्न : वय ४६, नंबर मायनस ३. वाचताना चष्मा काढला की अक्षर छान दिसते. हे चालेल? — एक वाचक, नारायण पेठ

खुशाल. तुमचा डोळा चष्म्याशिवाय ३३ सेंटिमीटरवर बसलेला आहे, आणि चाळिशीत इतरांना ज्यासाठी वेगळा चष्मा लागतो ते तुमचे फुकटात होते.

नंबर बदलला का, हे घरीही ढोबळ बघता येते. चष्मा काढा, एक डोळा न दाबता झाका, बारीक छपाई जवळ धरून हळूहळू लांब न्या. अक्षरांच्या कडा पुसट व्हायला लागतील तिथे थांबा आणि डोळ्यापासून टेपने अंतर मोजा. १०० भागिले तेवढे सेंटिमीटर म्हणजे तुमचा नंबर. ४० आले तर अडीच. डोळे बारीक केले तर उत्तर चुकते, आणि सिलिंडरचा नंबर असेल तर ही युक्ती उपयोगाची नाही.

प्रश्न : नंबर मायनस ७.५ आहे. सुट्टीच्या दिवशी चष्मा न लावल्याने पडद्याला धोका होतो का? लेसर केल्यावर धोका संपतो का? — एक वाचक, हडपसर

दोन्हींचे उत्तर 'नाही'. धोका चष्म्याशी नाही, लांबीशी बांधलेला आहे. ताणलेल्या डोळ्याचा पडदा कडेला पातळ होतो आणि फाटू शकतो. लेसरने समोरच्या पारदर्शक पटलाचा आकार बदलतो, मागची लांबी तशीच राहते. म्हणून लेसर झाले तरी बाहुली मोठी करून वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या. अचानक विजेसारखी चमक, नवे काळे ठिपके किंवा धागे तरंगताना दिसणे, कडेने पडदा ओढल्यासारखा अंधार, यातले काहीही झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, सोमवारची वाट बघू नका. जाताना सोबत कुणाला तरी न्या, कारण थेंब घातल्यावर काही तास तुम्हाला गाडी चालवता येणार नाही.